माडाची जागा

"अंकल, हलू नका," असं म्हणत हेमालीने मुठीतून चुन्याची फक्की सोडली आणि फेबियनच्या भोवती रिंगण काढलं. चांगलं दोन माणसं मावतील एवढं. असं रिंगण फेबियनने आजवर फक्त टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकेत पाहिलं होतं, आणि त्यात माणूस आडवा असायचा.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काही नाही. बॉल जवळ आला तर खेळा. नाही आला तर उभे राहा."

"आणि समोरून एखादा बॉल घेऊन आला तर?"

"येऊ द्या."

"येऊ द्या?" फेबियनने डेरिककडे पाहिलं. डेरिक हा टीमचा कोच, मॅनेजर आणि जर्स्या धुवायला नेणारा. या क्षणी तो गळ्यातली शिट्टी अशी निरखत होता, की जणू ती कोणीतरी नुकतीच बदलून ठेवली आहे.

"डेरिक, ही बाय काय म्हणते ऐकलंस?"

"डिफेन्स तिच्याकडे दिलाय, फेब्या. मी आता फक्त पुढचं बघतो."

नंदाखालच्या टीमला डिफेन्सचा वेगळा कोच असावा ही कल्पना डेरिकचीच. गेल्या पावसाळ्यानंतर टीमने घरच्या मैदानावर पाच गोल खाल्ले. घरच्या मैदानावर अशी वेळ कधी आली होती हे कोणालाच आठवेना. त्या रात्री डेरिकला झोप लागली नाही, म्हणून तो मोबाईल बघत बसला आणि त्यात त्याला कळलं की जगातल्या मोठ्या टीमांना डिफेन्सचा वेगळा कोच असतो. आपली टीम मोठी आहे का, हा प्रश्न त्याला पडला नाही. चंदनसारला राहणारी, शाळेत खेळ शिकवणारी आणि कोचिंगची परीक्षा पास झालेली हेमाली त्याला सापडली, कारण ती हिरामणकाकांची नात होती आणि मैदान हिरामणकाकांचं होतं.

सराव सुरू झाला. फेबियन रिंगणात उभा राहिला. पायाखालची माती मऊ होती, बूट जरा रुतत होता. समोरून बावीस वर्षांचा स्वरूप बॉल घेऊन निघाला. तो होता आपल्याच टीममधला, पण सरावात दुसऱ्या बाजूने खेळत होता. फेबियनने एक क्षण धीर धरला. दुसरा क्षण त्याला जमला नाही. कोणी स्टार्टर मारल्यासारखा तो रिंगणातून सुटला आणि थेट स्वरूपच्या अंगावर गेला. स्वरूपने बॉल हळूच बाजूला ढकलला, फेबियन वाऱ्यासारखा त्याच्या शेजारून निघून गेला आणि थांबेपर्यंत कुंपणाच्या शेवग्यापाशी पोचला. मागे मोकळ्या जागेतून बॉल सावकाश गोलात गेला.

हेमाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हिरामणकाका ओरडायचे.

"अंकल, रविवारी फायनल आहे," ती म्हणाली. "रिंगणात उभं राहायला जमलं तर तुम्ही अकरात. नाही जमलं तर बाकावर बसा. ठरवून सांगा."

फायनलला टीम कशी पोचली हे इथे सांगायलाच हवं. स्पर्धा चार गावांची, आणि सेमीफायनलच्या दिवशी समोरच्या गावात एक लग्न निघालं, त्यामुळे त्यांची टीम आलीच नाही. नंदाखालने तो विजय फटाके लावून साजरा केला.

फेबियन तुस्कानो माणिकपूरला एका हाडांच्या दवाखान्यात नंबर लावायला बसतो. सकाळी जाऊन खुर्चीत बसतो, ते संध्याकाळीच उठतो. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारं मुख्य वाक्य एकच. "बसा, बोलावतो." हात मोडलेले, पाय मुरगळलेले, कंबर धरून आलेले, सगळ्यांना तो हेच सांगतो, आणि स्वतःही बसून राहतो. फार वर्षं झाली त्याला. असा माणूस रविवारी मैदानात उतरला की त्याचं काय होत असेल? जिल्ह्यात असा लेफ्ट बॅक नव्हता. समोरच्याच्या पायात बॉल येऊन तो मान वर करून कोणाला पास द्यावा याचा विचार करतो, तेवढ्यात फेबियन त्याच्या छातीवर. पास निघायचाच नाही. त्याची धडक ज्यांनी खाल्ली त्यांतले काही सोमवारी दवाखान्यात त्याच्याच समोर येऊन बसायचे. त्यांचा नंबर तो जरा आधी लावायचा. एवढं माणसाने करावं.

हे धावणं त्याला हिरामणकाकांनी दिलं होतं. वाडीचा कोपऱ्यातला तुकडा त्यांनी पोरांना खेळायला दिला, तेव्हा फेबियन नुकता दहावी नापास झाला होता, म्हणजे त्याला वेळ होता. केळी, पानवेल, नारळ यांत आयुष्य गेलेल्या काकांना फुटबॉलमधलं काय कळायचं, कोणास ठाऊक. पण सामना सुरू झाला की ते धोतराचा सोगा खोचून गोलाच्या मागे उभे राहायचे आणि बॉल समोरच्या विंगरकडे आला रे आला की ओरडायचे, "जा रे फेब्या! मागे मी हाय!"

आणि फेबियन जायचा. मागे वळून बघायची गरज त्याला कधी पडली नाही. काका होते ना.

मैदानाला त्यांच्या अटी फक्त दोन. पहिली, मैदानात डाव्या बाजूला आपल्या गोलापासून थोडा पुढे जो माड उभा आहे, तो तोडायचा नाही. बॉल माडाला लागला तर खेळ चालू राहील; नारळ पडला तर खेळ थांबेल आणि नारळ पाहुण्यांना मिळेल. दुसरी अट, पाहुण्या टीमने कायम विहिरीकडची बाजू घ्यायची, हाफटाईमलासुद्धा बदलायची नाही. पाहुण्याला पाणी जवळ पाहिजे. पंचक्रोशीत या आतिथ्याचं कौतुक होतं.

दर स्पर्धेआधी काका माडाला कमरेएवढा चुना लावायचे आणि त्याच्यावर टीमच्या जर्सीसारखा लाल पट्टा ओढायचे. मैदानात उतरताना प्रत्येक खेळाडू त्या पट्ट्यावर एक सणसणीत थाप मारायचा. ही चाल कोणी पाडली ते माहीत नाही. थाप मारली नाही तर बूट चुकीच्या पायात घातल्यासारखं वाटायचं.

काका गेले. त्यांचा मुलगा बिऱ्हाड घेऊन चंदनसारला फ्लॅटमध्ये गेला. माड तेवढा राहिला होता, तोही गेल्या वादळात मुळासकट आडवा झाला. खड्डा बुजवला, वर रोलर फिरवला, आणि मैदान पहिल्यांदाच इतर मैदानांसारखं दिसायला लागलं. डेरिक म्हणाला, "आता खेळायला मोकळीक." त्यानंतरच्याच सामन्यात ते पाच गोल.

"रिंगण काढलं तुझ्याभोवती?" मटिल्डाने विचारलं. ती भाजीला खोबरं खवत होती. "आणि तू उभा राहिलास?"

"नाही राहिलो. तोच तर वांधा आहे."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे सुचलं नाही. चुना किती लागला?"

"मटिल्डा, मस्करी नको. मला बाकावर बसवणार म्हणते ती पोरगी. विहिरीच्या कठड्यावर बसून बोरं खायची ती माझ्यासमोर. तिला मी नाक पुसायला रुमाल दिलाय."

"मग उभा राहा ना."

"आठवडाभर बसायचं आणि रविवारी उभं राहायचं? मग मी धावायचं कधी?"

मटिल्डाने खवणं थांबवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या दाढीत पांढरं फार झालं होतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि घरात त्यावर बोलायची पद्धत नव्हती.

"जाऊन विचार तिला," ती म्हणाली. "नीट विचार. अंगावर जाऊ नकोस."

शनिवारी संध्याकाळी तो मैदानात गेला. हेमाली विहिरीच्या कठड्यावर बसली होती, लहानपणी बसायची तिथेच. फरक एवढाच, की आता हातात बोरांऐवजी मोबाईल होता.

"बाय, मला एक सांग," फेबियनने लांबूनच सुरुवात केली. "तुझ्या आजोबांनी मला धावायला शिकवलं. तू मला थांबायला सांगतेस. तुझ्या आजोबांना फुटबॉल कळत नव्हता का?"

"अंकल, बसा."

"बसत नाही. दिवसभर बसलोय."

"बरं. तुम्ही धावत जायचात, समोरच्याला कधी गाठायचात, कधी तो चकवून पुढे जायचा. बरोबर?"

"चकवून जाणारे थोडे."

"थोडे का होईना. जे जायचे, त्यांचं पुढे काय व्हायचं?"

फेबियन विचारात पडला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. चकवून जाणारा माणूस त्याच्या मागे जायचा, आणि मागे तर तो बघत नसे. तरी काही दृश्यं त्याच्या डोळ्यांसमोर आली. उमराळ्याचा एक उंच विंगर माडाला मिठी मारून उभा. भुईगावचा एक जण माडाला डावीकडून वळसा घालावा की उजवीकडून, या विचारात बॉल घालवून बसलेला. एकाने जोरात मारलेला फटका खोडाला लागून उलटा त्याच्याच तोंडावर आला होता आणि सोमवारी त्याचा नंबर फेबियनने आधी लावला होता.

"तुमच्या मागे कोण असायचं, अंकल?"

"मागे... काका असायचे."

"आजोबा गोलाच्या मागे असायचे. गोलाच्या पुढे?"

फेबियनने मैदानाकडे पाहिलं. सपाट मैदान, त्यात चुन्याचं एक रिंगण. तो चालत चालत तिथे गेला. रिंगणात पाय ठेवला. माती मऊ होती, बूट रुतला. इतकी वर्षं त्याने या मैदानात काढली होती, पण या जागेवर तो कधी उभा राहिला नव्हता. राहणार कसा? जागा रिकामीच नव्हती.

"माड," तो म्हणाला.

"मी कठड्यावर बसून सगळे सामने पाहिलेत," हेमाली मागून आली. "तुम्ही सगळे बॉल बघायचात. मला बॉल दिसायचा नाही, मी लहान होते. मला माड दिसायचा."

"काकांना माहीत होतं?"

"दर वर्षी जर्सीचा पट्टा मारायचे त्याला. तुम्हाला काय वाटलं, शोभेला?"

फेबियनने बुटाच्या टोकाने मऊ माती दाबून पाहिली. काका ओरडायचे, 'मागे मी हाय', तेव्हा ते स्वतःबद्दल बोलत होते की माडाबद्दल, हे आता कोणाला विचारणार. आणि आपण आयुष्यभर एवढे शूर होतो, ते कोणाच्या जिवावर, हेही.

तेवढ्यात डेरिक आला. त्याला सांगितल्यावर त्याने रिंगणाभोवती एक फेरी मारली.

"म्हणजे," तो हळू आवाजात म्हणाला, "आपण बारा जण खेळत होतो?"

"घरच्या मैदानात," हेमाली म्हणाली.

"आणि बाहेरगावी हरायचो..."

"तिकडे अकरा होतात."

बाहेरगावच्या पराभवांचं कारण डेरिकने फार पूर्वीच शोधून काढलं होतं. पाणी बदलतं, म्हणून पोरांची ताकद जाते. एकदा तर त्याने याच विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून रिक्षाने उमराळ्याला नेलं होतं. त्या दिवशीही पाच गोल खाल्ले, पण पोट कोणाचं बिघडलं नाही.

"ट्रॉफ्या परत कराव्या लागतील का रे?" त्याने घाबरून विचारलं.

हा प्रश्न त्याच्या मनाला एवढा लागला, की तो तसाच चर्चच्या फादरांकडे गेला. फादर तरुणपणी स्वतः राईट इन खेळलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माडाला कधी कार्ड दाखवलं होतं का?"

"नाही, फादर."

"कोणाला मुद्दाम पाडलं त्याने?"

"जागचा हलला नाही कधी."

"मग तुमच्यात एवढा स्वच्छ खेळणारा दुसरा नाही," फादर म्हणाले. "जा घरी."

रविवारी फायनल. समोर भुईगाव. मटिल्डाही आली होती, लग्नानंतर पहिल्यांदाच. "तुला उभं राहिलेलं बघायला आलेय," असं तिने स्वच्छ सांगितलं.

हेमालीने मैदान आखून झाल्यावर रिंगण पुन्हा नीट काढलं होतं. फेबियन त्यात जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे, त्याच्या जुन्या जागी, स्वरूप. "तू धाव," हेमालीने स्वरूपला सांगितलं होतं, आणि फेबियनने ते ऐकताना बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली होती.

सुरुवातीला त्याला जमलं. भुईगावचा विंगर दोनदा आला, दोन्ही वेळा स्वरूपने त्याला अडवलं. तिसऱ्यांदा स्वरूप चुकला, विंगर मोकळा सुटला, आणि फेबियनच्या अंगात जे इतकी वर्षं बसून होतं ते उठलं. रिंगण मागे पडलं. तो धावला. सुंदर धावला, अगदी पूर्वीसारखा, बघणाऱ्यांतले दोन म्हातारे तर जुन्या सवयीने "जा रे फेब्या!" असं ओरडलेसुद्धा. विंगर याचीच वाट बघत होता. त्याने बॉल एका बाजूने आणि स्वतःला दुसऱ्या बाजूने काढलं. मागे कोणी नव्हतं. एक-शून्य.

हाफटाईमला सगळे विहिरीपाशी पाणी प्यायला गेले. फेबियन गेला नाही. बाकाकडे जावं असं त्याला वाटलं. तिथे बसून राहायचा सराव त्याच्याएवढा कोणाला होता? हेमाली त्याच्याजवळ आली. तिने त्याला पाण्याची बाटली दिली.

"चुकलं," फेबियन म्हणाला.

"हं."

"पाय ऐकत नाहीत."

"माडाला पाय नव्हते, अंकल. तुम्हाला जास्त अवघड आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "आजोबा घरी म्हणायचे, फेब्याला कधी मागे बघायला लावू नका. तो बघेल त्या दिवशी धावायचा थांबेल. मी लावलं बघायला. तुम्ही रागावलात तर रागवा."

फेबियनने बाटली परत दिली. पुसट झालेल्या रेघेवरून तो रिंगणात गेला, दोन्ही पाय मऊ मातीत रोवले आणि दुसऱ्या हाफची शिट्टी व्हायच्या किती तरी आधी एकटाच तिथे उभा राहिला.

विहिरीकडून टीम परत आली. स्वरूप पुढे होता. फेबियनच्या शेजारून जाताना त्याचा हात आपोआप वर गेला आणि पाठीवर सणसणीत थाप पडली. स्वरूप स्वतःच दचकला. "सॉरी अंकल, सवय..." म्हणाला. पण त्याच्या मागचा थांबला नाही, त्यानेही थाप मारली. मग त्याच्या मागचा. एकेक जण येत होता, थाप मारत होता, आपल्या जागेवर जात होता. गोलकीपरने तर दोन मारल्या. कोणी हसलं नाही. फेबियनची पाठ झणझणत होती आणि तो समोर बघत होता, कारण माडही कधी वळून बघत नसे.

दुसरा हाफ. बॉल विंगरकडे आला. स्वरूप जावं की न जावं अशा विचारात घुटमळला, आणि फेबियनच्या गळ्यातून आवाज निघाला. तो त्याचाच होता, पण शब्द जुने होते.

"जा रे पोरा! मागे मी हाय!"

स्वरूप सुटला. विंगरने त्याला चकवलं आणि फेबियनसमोर आला. आता तो धडकेची वाट बघत होता. सगळी पंचक्रोशी फेबियनला ओळखते. हा माणूस अंगावर येणार म्हणजे येणार. विंगरने डावीकडे झुकांडी दिली. फेबियन उभा. उजवीकडे दिली. फेबियन उभाच. अंगावर कोणी येईचना, तेव्हा विंगरला चकवायचं कोणाला तेच कळेना, आणि त्या घोटाळ्यात बॉल त्याच्या पायातून सुटून फेबियनच्या नडगीवर आदळला. तिथून तो स्वरूपकडे गेला, स्वरूपकडून पुढे, आणि पुढचं डेरिक बघत होता. एक-एक.

त्यानंतर त्या बाजूने कोणी गेलं नाही. सामना टायब्रेकरवर गेला आणि नंदाखाल तिथे हरलं. टायब्रेकरमध्ये डिफेन्सचा काय संबंध, असं डेरिक पुढे बरेच महिने सगळ्यांना विचारत होता.

टायब्रेकर विहिरीकडच्या गोलात झाला. सगळे तिकडे पळाले, खेळाडू, म्हातारे, भुईगावचे लोक, फादर. फेबियनला कोणी बोलावलं नाही आणि तो गेला नाही. आपल्या जागेवर उभं राहून त्याने लांबून गर्दीच्या पाठी पाहिल्या, आरडाओरडा ऐकला आणि कोणाची ट्रॉफी ते आवाजावरून ओळखलं.

हळूहळू मैदान मोकळं झालं. झुकांड्या देताना पाय मुरगळलेला भुईगावचा विंगर लंगडत त्याच्याकडे आला.

"अंकल, तुम्ही आलाच नाहीत अंगावर."

"नाही."

"मग आता पुढे कसं खेळायचं मी तुमच्यासमोर?"

"उद्या दवाखान्यात ये," फेबियन म्हणाला. "पाय दाखव. नंबर आधी लावतो."

मावळतीची उन्हं केळींच्या पानांवरून खाली आली. मटिल्डा पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. "चल रे," तिने हाक मारली. "मॅच संपली. अजून काय उभा राहिलायस?"

फेबियनने खाली पाहिलं. मऊ मातीत त्याच्या बुटांचे दोन खोल ठसे पडले होते आणि भोवती चुन्याची रेघ पुसट पुसट उरली होती. त्याने पाय उचलला आणि उरली होती तेवढी रेघ मोडणार नाही अशा बेताने बाहेर टाकला.